थकून घरी येणाऱ्या बापाचा फोन: सुट्टीच्या सकाळी एकदाच करून ठेवायची कामं

बहुतेक घरांत लहान मुलांचा म्हणून वेगळा फोन नसतो. असतो तो बापाचा. भुसावळच्या लोको शेडमधून, दीपनगरच्या वीज केंद्रातून किंवा जळगाव एमआयडीसीतल्या कारखान्यातून माणूस घरी येतो, अजून चप्पल काढली नाही तोच ‘पप्पा, माले मोबाईल दे ना’ सुरू होतं. त्याच फोनमध्ये पगाराचं खातं, यूपीआय, साहेबांचा ग्रुप आणि रात्री-अपरात्री येणारा ड्यूटीचा कॉल. दमलेला माणूस ‘घे बाबा एकदाचा’ म्हणतो आणि फोन हातातून जातो. पुढे पोरगं काय बघतं, काय दाबतं, याला धरबंध राहत नाही.

संध्याकाळी सातला नीट ठरवायची ताकद कुणातच नसते. म्हणून ठरवायचं ते आधी ठरवून फोनमध्ये भरून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी फक्त द्यायचं आणि घ्यायचं उरतं. सगळं मिळून दीड-दोन तासांचं काम आहे. सुट्टीच्या सकाळी, चहा झाला की बसा. खाली दिलेली मेनूची नावं अँड्रॉइडची आहेत. कंपनीगणिक एखादं नाव बदलतं, तेव्हा मेनू धुंडाळत बसण्यापेक्षा सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत तो शब्द टाकावा.

आधी माप ठरवा

इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेलं माप सोपं आहे. दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांपेक्षा कमी. जेवताना नाही, आणि झोपण्याआधीचा एक तास नाही.

यात टीव्हीही आला, आणि हिशोब तिथेच चुकतो. आजी दुपारी मालिका बघत असते तेव्हा मांडीवरचं पोरही बघतच असतं. एकत्र कुटुंबात एका तासाचे दोन तास असे नकळत होतात. म्हणून चार वर्षांच्या मुलाला फोनवर एक तास देऊ नका, ४० मिनिटं द्या. उरलेली २० मिनिटं टीव्ही खाऊन टाकतो असं धरून चाला.

स्वतःचा फोन मुलाच्या हातात देण्याजोगा करणं

सगळ्यात कामाची सोय ‘अॅप पिनिंग’. हिने एकच अॅप पडद्यावर अडकून राहतं, मुलाला त्यातून सहज बाहेर पडता येत नाही. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत जाऊन ती चालू करा. तिथेच ‘अनपिन करताना पिन विचारा’ असं दुसरं बटण असतं, तेही चालू करा. हे दुसरं बटण बरेच जण सोडून देतात. मग तीन दिवसांत मुलाला बाहेर पडायची खूण सापडते आणि पिनिंगला अर्थ उरत नाही. वापरताना हवं ते अॅप उघडायचं, अलीकडच्या अॅपची यादी उघडायची, त्या अॅपच्या चिन्हावर बोट टेकवून ‘पिन’ निवडायचं. सोडवताना खाली बटणं असलेल्या फोनवर ‘बॅक’ आणि ‘रिसेंट’ एकत्र दाबून धरायची, बटणं नसलेल्या फोनवर बोट खालून वर ओढून थांबायचं. आयफोनवर याचं नाव ‘गाइडेड अॅक्सेस’. सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीत सापडेल. बाजूचं बटण तीनदा दाबलं की सुरू होतं, आणि त्यात वेळेची मर्यादाही घालता येते.

पिनिंग म्हणजे तिजोरी नव्हे. गेममधल्या जाहिरातीवर बोट पडलं तर काही फोनमध्ये तिथूनच दुसरं पान उघडतं. उपाय असा: गेम द्यायचा तर इंटरनेट न लागणारा द्या, आणि देण्याआधी मोबाईल डेटा व वाय-फाय दोन्ही बंद करा. जाहिराती येणं बहुतेक थांबतं. फ्लाइट मोड लावू नका, त्याने कॉलही बंद होतात आणि ड्यूटीचा फोन हुकतो.

बोटाच्या ठशाचं कुलूप पोरांपुढे फार टिकत नाही. दुपारी झोपलेल्या बापाचा अंगठा फोनवर टेकवायला पाच वर्षांचं मूल सहज शिकतं. चेहऱ्याच्या कुलपावरही फार विसंबू नका. चेहरा मिळताजुळता असलेल्या भावंडांच्या आणि १३ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत चुकून उघडण्याची शक्यता जास्त असते, हे अॅपलनेच सांगितलेलं आहे. म्हणून बँकेच्या अॅपला सहा आकडी वेगळा पिन ठेवा. त्यात मुलाची जन्मतारीख नको, आणि किराणा दुकानात पिन मोठ्याने पुटपुटायची सवय असेल तर ती सोडा. शाळेत जाणारं मूल आकडे पटकन पाठ करतं.

आता पैसे. तीन जागा तपासायच्या.

पहिली, यूपीआय लाइट. यात पिन न टाकता पैसे जातात. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत, आणि त्यात एकूण ५,००० रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते. भाजीवाल्याकडे सोयीचं आहे, पण फोन मुलाच्या हातात जाणार असेल तर त्यात दोन-तीनशे रुपयांच्या वर ठेवू नका. रक्कम संपली की आपोआप भरण्याची सोयही बंद ठेवा, नाहीतर दोन-तीनशेच्या मर्यादेला अर्थ उरत नाही.

दुसरी, प्ले स्टोअर. आपल्या फोटोच्या गोलावर दाबून सेटिंग्जमध्ये जा, खरेदीच्या वेळी ओळख विचारण्याचा पर्याय शोधा आणि ‘प्रत्येक खरेदीला’ निवडा. तिथेच ‘पेरेंटल कंट्रोल्स’ आहे. त्याला फोनच्या कुलपापेक्षा वेगळा पिन द्या आणि वयोगट ‘३+’ ठेवा.

तिसरी, ऑटोपे, म्हणजे खात्यातून ठरावीक वेळी आपोआप पैसे कापण्याची दिलेली परवानगी. यूपीआय अॅपमध्ये ‘मॅन्डेट’ किंवा ‘ऑटोपे’ची यादी असते. एक रुपयात सात दिवस बघा म्हणून घेतलेलं कार्टूनचं अॅप तिथे महिनोन्महिने पैसे ओढत बसलेलं सापडतं. अॅप काढून टाकल्याने मॅन्डेट रद्द होत नाही, यादीत जाऊन रद्दच करावं लागतं.

गेममध्ये चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेकडे परतावा मागा. या मुदतीत पैसे परत मिळण्याची शक्यता बरी असते. कुणी फसवून पैसे काढले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसा पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवला गेला तरच हाती लागतो.

व्हॉट्सअॅपचं काम छोटं आहे, पण सोडू नका. गावाच्या आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर अपघाताचे, सापाचे, मारामारीचे फोटो येत असतात आणि ते थेट गॅलरीत उतरतात. चार वर्षांचं मूल आपल्या वाढदिवसाचे फोटो बघत असतं आणि मध्येच ते समोर येतं. सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’मध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा. ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये आपोआप डाउनलोड बंद करा. साहेबांच्या ग्रुपला ‘चॅट लॉक’ लावा. तिकडे बाहुलीचं स्टिकर गेलंच, तर ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. अर्थात साहेबांनी तोवर बघितलेलं असतं.

कपाटातला जुना फोन मुलांसाठी तयार करणं

दोन-तीन वर्षं वापरून बाजूला पडलेला फोन असेल तर तो मुलांसाठी ठेवणं हा सगळ्यात चांगला मार्ग. आपला फोन मोकळा राहतो आणि मर्यादा नीट घालता येते. फोन अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढचा हवा, त्याखाली मुलाच्या फोनवर पालकांनी मर्यादा घालायचं गूगलचं ‘फॅमिली लिंक’ नीट चालत नाही.

पहिल्यांदा फोन सपाट टेबलावर पालथा आणि मग उताणा ठेवून बघा. डुगडुगत असेल, पाठ उचललेली असेल किंवा कडेला फट दिसत असेल तर बॅटरी फुगलेली आहे. असा फोन मुलाला कदापि देऊ नका, चार्जही करू नका. दाबून बसवायचा किंवा टोचायचा प्रयत्न नको. दुरुस्तीवाल्याकडे नेऊन बॅटरी बदला, नाहीतर फोन तिथेच टाकून या.

फोन ठीक असेल तर पुढचा क्रम पाळा.

१. फोटो आणि व्हॉट्सअॅप नव्या फोनवर गेले आहेत याची खात्री करा.

२. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’मधून आपलं गूगल खातं काढा, आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटा झाला, म्हणजे खातं न काढता बटणं दाबून रीसेट केलं, तर फोन सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो. तो आठवत नसला की दुकानाच्या खेपा सुरू.

३. सिम आणि मेमरी कार्ड काढा. बँकेशी जोडलेलं सिम या फोनमध्ये राहता कामा नये, नाहीतर ओटीपी मुलाच्या फोनवर येत राहतील.

४. आपल्या फोनवर फॅमिली लिंक घ्या आणि त्यातून मुलाचं खातं तयार करा. जन्मवर्ष खरं टाका. लवकर आटपावं म्हणून १९९० टाकलं की ते खातं मोठ्या माणसाचं ठरतं आणि एकही मर्यादा लागू होत नाही.

५. जुना फोन सुरू करताना त्यात मुलाचंच खातं घाला. आपलं खातं शेजारी ठेवू नका, मूल त्यावर उडी मारतं.

६. मुलाच्या आईलाही फॅमिली ग्रुपमध्ये पालक म्हणून जोडा. बाप दुसऱ्या पाळीला असताना परवानगी देणारं कुणीतरी घरी हवं.

आता मर्यादा. ‘डेली लिमिट’ ४० मिनिटं, रविवारी हवी तर ६०. ‘डाउनटाइम’, म्हणजे फोन बंद राहण्याची वेळ, रात्री ८ ते सकाळी ९. सकाळचे ९ यासाठी की सातला मोकळं केलं तर अंगणवाडीला जायच्या आधीच फोनसाठी रडारड होते. अॅप घ्यायला प्रत्येक वेळी पालकांची परवानगी लागेल असं ठेवा. क्रोम ब्लॉक करा, कारण यूट्यूब बंद केलं तरी ब्राउझरमधून ते उघडता येतं.

इथे नेहमी एक गोष्ट बिघडते. बापाने आपल्या फोनवरून मर्यादा बदललेली असते आणि मुलाच्या फोनवर काही फरक नाही. जुन्या फोनला इंटरनेट नसेल तर नवी मर्यादा त्याच्यापर्यंत पोचतच नाही, आधीची चालू राहते. तेव्हा घरचं वाय-फाय किंवा आपला हॉटस्पॉट दोन मिनिटं जोडून द्या. लोडशेडिंगमध्ये राउटर बंद असताना कुलूप उघडायचं असेल तर फॅमिली लिंकमध्ये पालकांचा अॅक्सेस कोड असतो, तो मुलाच्या फोनवर टाकला की इंटरनेटशिवायही चालतो. कोड टाकताना मुलाकडे पाठ फिरवा, मूल बघत असतं.

यूट्यूब किड्स: पाढ्यांचं कुलूप

साधं यूट्यूब लहान मुलाच्या हाती देऊच नका. यूट्यूब किड्समध्ये चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे वयोगट आहेत. पण खरा उपयोगाचा आहे तो चौथा पर्याय: फक्त पालकांनी मंजूर केलेलंच दिसेल. तो निवडला की शोधण्याची सोय आपोआप बंद होते. एकदा अर्धा तास बसून मराठी बालगीतं, गोष्टी, प्राण्यांचे आणि गाड्यांचे व्हिडिओ असे २०-२५ निवडून ठेवा. जास्त नको. लहान मुलं तेच तेच पुन्हा आवडीने बघतात, कंटाळा मोठ्यांना येतो.

या अॅपचं पालकांचं कुलूप उघडायला मुळात गुणाकाराचा प्रश्न येतो. आपल्याकडे पहिली-दुसरीतल्या पोरांना पाढे घोकून पाठ असतात, त्यामुळे हे कुलूप त्यांच्यापुढे चार महिनेही टिकत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःचा चार आकडी पासकोड लावा.

आजीच्या आवाजातल्या गोष्टी

मुलांना गुंतवायला पडदाच लागतो असं नाही. नुसता आवाज पुरतो, विशेषतः झोपायच्या वेळी. आणि अहिराणीतल्या गोष्टी यूट्यूबवर शोधण्यापेक्षा घरातच जास्त चांगल्या मिळतात.

आजीला दुपारी निवांत असताना बसवा. कूलर आणि पंखा दोन्ही बंद करा. कानाला सवयीचा झालेला कूलरचा घरघराट रेकॉर्डिंगमध्ये आजीच्या वर चढतो. फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला ठेवा. अगदी समोर धरला तर प आणि फ फुटतात. या वेळी मात्र फ्लाइट मोड लावा, मध्येच कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं. एक गोष्ट, एक फाईल, दहा-बारा मिनिटांची. आजी मध्येच विसरली, हसली, ‘थांब, काय होतं ते’ म्हणाली, तर ते कापू नका. मुलांना तेवढंच जास्त आवडतं.

ही फाईल मेमरी कार्डावर टाकून छोट्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये घातली तर फोनची गरजच उरत नाही. दोन अडचणी येतात. फोनचा रेकॉर्डर बहुधा एम४ए फाईल बनवतो आणि स्वस्त स्पीकर फक्त एमपी३ वाजवतात, म्हणून आधी फाईल बदलून घ्यावी लागते. दुसरं, ६४ जीबी किंवा त्याहून मोठं कार्ड बरेच स्पीकर वाचत नाहीत. ८, १६ किंवा ३२ जीबीचं कार्ड ‘फॅट३२’ पद्धतीने फॉरमॅट करून वापरा.

फोन परत घेणं

द्यायला काहीच लागत नाही, घेताना घर डोक्यावर येतं. ‘अजून पाच मिनिटं’ हे तीन-चार वर्षांच्या मुलाला कळत नाही, कारण पाच मिनिटं म्हणजे किती हेच त्याला ठाऊक नसतं. त्याला कळतं ते ‘हे गाणं संपलं की’. म्हणून शेवट नेहमी एखाद्या व्हिडिओच्या किंवा गेमच्या डावाच्या शेवटाला जोडा. ऑटोप्ले बंदच हवा. तो चालू असेल तर पुढचं गाणं सुरू झालेलं असतं आणि तुमचा शब्द खोटा पडतो.

फोन हिसकावू नका. बंद करायचं बटण मुलालाच दाबू द्या आणि फोन चार्जिंगच्या जागी नेऊन ठेवायचं काम त्याच्याकडे द्या. ठेवल्या-ठेवल्या हाताला दुसरं काही लागतं, तेही आधीच ठरवा: पोळीच्या पिठाचा गोळा, शेंगा सोलायचं ताट, गॅलरीतल्या कुंडीला तांब्याभर पाणी. पहिला आठवडा रडणं होईल. त्यात एकदाही ‘बरं, शेवटचं एक’ म्हटलं, तर रडल्यावर फोन मिळतो हेच मूल शिकतं आणि पुढचा आठवडा आणखी अवघड जातो.

जेवताना फोन लागायची सवय पडली असेल तर ती एकदम तोडण्यापेक्षा टप्प्याने जाते. पहिले तीन-चार दिवस व्हिडिओऐवजी फक्त आवाज, फोन पालथा ठेवून. मग तो फोन दुसऱ्या खोलीत, आवाज अगदी बारीक. मग बंद. या काळात जेवण हाताने खाता येईल असं द्या: केळ्याच्या चकत्या, उकडलेला बटाटा, वरणात चुरलेली बट्टी, मऊ खिचडीचे छोटे गोळे. हात गुंतला की डोळे पडदा शोधत नाहीत. तीस मिनिटांत ताट उचला. कमी खाल्लं तर पुढच्या जेवणाला भरून निघतं, मध्ये बिस्किटाचा पुडा फोडला नाही तर.

पाळीची ड्यूटी आणि पहिला अर्धा तास

बाप घरी आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात त्याचा फोन फडताळावर, मुलाच्या हाताला न लागेल इतका वर आणि रिंग मोठी करून ठेवलेला असावा. हे मुलासाठी कमी आणि बापासाठी जास्त आहे. बाप सोफ्यावर पडून ग्रुप चाळत असेल तर मुलाचं फोन मागणं थांबत नाही. ग्रुप आठ तासांसाठी म्यूट करा, कॉल तेवढे येऊ द्या.

रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनी फोन सायलेंट करू नये, ‘डू नॉट डिस्टर्ब’ वापरावं. त्यात घरचे, रेल्वेत ड्यूटी लावणाऱ्या लॉबीचा किंवा साहेबांचा नंबर ‘स्टार’ करून त्यांनाच मुभा द्या. ‘रिपीट कॉलर्स’ चालू ठेवा, म्हणजे १५ मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर तो वाजतो. हे नसलं की कॉल हुकेल या धास्तीने फोन उशाशी राहतो, आणि उशाचा फोन जागं असलेलं पोर उचलतं.

चार्जर, कूलर आणि बटण सेल

खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि फोन तेवढ्या उष्ण हवेसाठी बनवलेले नसतात. आयफोन वापरायला अॅपलने सांगितलेली हवा ० ते ३५ अंशांची आहे. दुपारी फोन चार्जिंगला लावून त्यावरच मूल व्हिडिओ बघत बसलं की फोन तापतो, चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं, आणि बॅटरी फुगायची सुरुवात अशाच दुपारी होते. नियम एकच: चार्जिंगला आहे तो फोन मुलाला नाही. गोधडीखाली, उशीखाली, उन्हातल्या गाडीत नको. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. कव्हर काढून पंख्याखाली ठेवला की पुरे.

लोखंडी कूलर आणि चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर जोडू नका. कूलरखालची फरशी ओली असते, मूल अनवाणी असतं, आणि अर्थिंग नीट नसेल तर कूलरच्या पत्र्यात विद्युतप्रवाह उतरतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेणं हा फोनच्या सगळ्या सेटिंग्जपेक्षा महत्त्वाचा खर्च आहे. बसवल्यावर महिन्यातून एकदा त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबून पाहा, वीज लगेच तुटली पाहिजे. चार्जरची वायर बोर्डला लावून, बटण चालू ठेवून लोंबकळत सोडू नका. रांगणारी मुलं तिचं टोक तोंडात घालतात, आणि हलक्या चार्जरमध्ये आतलं इन्सुलेशन निकामी झालेलं असेल तर त्या टोकाला घरची वीज येऊ शकते.

  

सगळ्यात जास्त धोका मात्र सगळ्यात छोट्या वस्तूत आहे. रिमोट, किल्लीचा टॅग, डिजिटल वजनकाटा, यात सीआर२०३२ हा बटण सेल असतो, २० मिलिमीटर रुंद आणि ३ व्होल्टचा. तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो, सेल जुना असला तरीही. सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा आठवडी बाजारातून आणलेल्या लुकलुकणाऱ्या खेळण्यांत असेच छोटे सेल असतात, आणि त्यांचं झाकण बहुधा नखाने उघडतं. झाकणाला स्क्रू नसेल तर खेळणं घेऊ नका. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते बघून घ्या. घरात असलेल्यांच्या झाकणावर चिकटपट्टीचे दोन वेढे मारा.

सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी एक्स-रे असलेल्या रुग्णालयात तातडीने न्या, १०८ ला फोन करा. उलटी करवू नका, पाणी आणि जेवण देऊ नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, नीट गिळत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यात मात्र वेळ घालवू नका.

मुलांचं सिमवालं घड्याळ घ्यायचं ठरवलंच तर आधी ते कोणत्या नेटवर्कवर चालतं ते विचारा. फक्त २जी वर चालणाऱ्या घड्याळात जिओचं सिम उपयोगाचं नाही, जिओला २जी नाहीच. सोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर मुलाचा ठावठिकाणा तुमच्याशिवाय दुसऱ्यालाही दिसू शकतो. इअरफोन पाच वर्षांच्या आत नकोत. त्यापुढे आवाज निम्म्यावर ठेवा. काढून हातभर लांब धरल्यावर गाणं स्पष्ट ऐकू आलं तर आवाज जास्त आहे.

आखाजीला मामाच्या गावी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई मुलांना घेऊन माहेरी जाते आणि तिथे मामा, मावशी, आबा अशा चार फोनांना एकही कुलूप नसतं. चार घरांना नियम शिकवत बसू नका. एकच नियम सांगा, वेळेचा आणि जागेचा: ‘आबा, दुपारी चारनंतर अर्धा तास दिला तर चालेल, ओसरीवर, तुमच्या शेजारी बसून. जेवताना तेवढा नको.’ आबांच्या फोनवर अॅप पिनिंग आणि प्ले स्टोअरचा पिन निघण्याआधी स्वतः लावून द्या आणि तो पिन आबांना कागदावर लिहून द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन अडकेल. दुपारभर झोका आणि कैऱ्या असतील तर फोनची आठवणही कमी येते.

जुना फोन सोबत नेत असाल तर तिथलं वाय-फाय पहिल्याच दिवशी जोडून द्या, म्हणजे मर्यादा बदलता येईल. सुट्टीपुरते ४० चे ६० केले असतील तर परतायच्या आदल्या रात्री, गाडीत बसण्याआधीच, ते पुन्हा ४० करा.